शेताचा निर्जळी उपास

वेणीमाधव आठल्ये हातानं बोलायचा. तोंडानं बोलणारी माणसं बनारसच्या आमच्या बालाजी घाटाच्या गल्लीत उदंड, मी त्यांतलाच एक. पण दोन वाक्यांत समोरच्याला पटलं नाही, तर तिसरं थेट कानशिलावर उमटवणारा आमच्यात हा एकटाच. बाप दत्तात्रेयभट घाटावर यात्रेकरूंना संकल्प सांगून जन्मभर जगला. इतका शांत माणूस, की मुंगी आडवी आली तर थांबून तिला आधी जाऊ द्यायचा. मुलगा मात्र आखाड्यातल्या मातीत लोळत वाढला. मुंजीच्या दिवशी वस्तरा कानाला लागला म्हणून यानं न्हाव्याला अशी लाथ हाणली, की तो बिचारा पाण्याच्या घंगाळात बसला तो तसाच अडकला. मुंज लागली, भिक्षा झाली, तरी न्हावी घंगाळातच. आमच्याकडे ही गोष्ट अजून बारशाला सांगतात.

पुढं वय वाढलं तशी माणसं मोठी झाली आणि घंगाळं लहान पडायला लागली. गणेशोत्सवात तबलजीनं यजमानाच्या मुलीकडं बघून डोळा मारला, तर वेणूनं पेटी उचलून त्याच्या डोक्यात घातली. भाता फाटला, तबलजीचं डोकंही. अहिल्याबाई घाटावर एका नावाड्यानं साताऱ्याच्या एका विधवेला मध्यधारेत नेऊन धमकावलं, तर हा पोहत गेला आणि नाव उलटी केली. आधी बाईला काठावर आणलं, मग परत जाऊन नावाड्याचं गळ्याखालचं हाड, हंसळी, मोडलं. परत जाऊन, हे लक्षात घ्या. वेणूची बाजू बहुतेक वेळा खरी असायची आणि तीच मोठी पंचाईत. खोट्या बाजूचा माणूस दोन फटक्यांत घाबरून थांबतो. खऱ्या बाजूच्याला थांबवणार कोण?

बायकोवर मात्र त्यानं कधी बोटही उगारलं नाही. शरदिनी इंदूरची. लवंगेएवढी बाई आणि लवंगेसारखीच तिखट. याचे रक्ताळलेले कुडते ती गार पाण्यात मीठ टाकून भिजवायची आणि माझ्या बायकोला सांगायची, "काकू, माहेरी मला रांगोळी शिकवली, भरतकाम शिकवलं. रक्ताचे डाग काढायचं कुणी शिकवलं नाही हो."

चौऱ्याण्णव सालच्या भाऊबीजेला तिचा भाऊ सुश्रुत इंदूरहून आला. फराळ करता करता तो वेणूच्या बनारसी मराठीची टर उडवायला लागला. "जिजाजी, तुम्ही 'पानी गिरून राहिलं' म्हणता, हे मराठी आहे की पानाची पिंक?" पहिल्यांदा वेणू हसला. दुसऱ्यांदाही हसला. तिसऱ्यांदा सुश्रुतचा जबडा निखळला. ओवाळलेल्या भावाच्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं.

त्याच रात्रीच्या गाडीनं शरदिनी भावाला घेऊन निघाली. उंबऱ्यात उभी राहून तिनं शांतपणे सांगितलं, "पुढच्या भाऊबीजेपर्यंत तुमचा हात कुणावर उठला नाही, तर मी परत येईन. एकदा जरी उठला, तरी मला विसरा."

"आणि तुला कळणार कसं?" वेणूनं विचारलं.

तिनं माझ्याकडं बोट केलं. "काकांच्या पोटात काही राहत नाही. ते सांगतील."

एका वाक्यात बाईनं माझा अपमानही केला आणि मला हुद्दाही दिला. मी हुद्दा ठेवून घेतला.

मग काय! बनारसची माणसं ती. वेणू आठल्ये वर्षभर हात उचलणार नाही, ही बातमी चौकापर्यंत जायला एक सकाळ पुरली. (मी फक्त पानवाल्याला सांगितलं होतं.) ज्यांनी ज्यांनी त्याचा मार खाल्ला होता, ते ते हिशेब चुकवायला आले. तबलजीनं भर गल्लीत त्याच्या डोक्यात नारळ फोडला. हंसळी मोडलेला नावाडी मुन्शी घाटावर आला आणि सगळ्या स्नानार्थींसमोर त्यानं याच्या दोन्ही गालांवर आळीपाळीनं वाजवल्या. नावाडी दमला, पाणी प्यायला, पुन्हा वाजवल्या. वेणू घाटावरच्या मोठ्या छत्रीचा बांबू धरून उभा. दात आवळल्याचा आवाज मला वरच्या पायरीवर ऐकू आला. नावाडी गेला तेव्हा बांबूला उभी चीर पडलेली होती.

मी पीसीओवरून इंदूरला फोन लावायचो. "शरदिनी, आज नाकातून रक्त आलं. पण हात नाही उठला."

"बरं," ती म्हणायची, आणि फोन ठेवायला जरा उशीर करायची.

आता अशा माणसाला नोकरी कुणी द्यावी? तर ती दिली आमच्याच गल्लीतल्या कालिंदीनं. ही विद्यापीठात शेतीशास्त्राची डॉक्टर, लग्न न करता धानाच्या मुळांशी संसार मांडलेली. त्या वर्षी तिच्याकडं एक मोठं काम आलं होतं. जर्मनी, जपान आणि आपण, असे तीन देश मिळून ते करत होते. भानगड अशी, की धानाच्या शेतात पाणी तुंबून राहिलं की खालच्या चिखलातून एक वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि आभाळ तापवतो. जगातल्या भातखाऊ माणसांमुळं पृथ्वीला ताप चढतोय, असं पाव खाणाऱ्या देशांचं म्हणणं. "खरं की खोटं, ते मोजून पाहू," असं कालिंदीचं म्हणणं. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पेट्या रोपांवर पालथ्या घालायच्या, आतली हवा इंजेक्शनच्या सुईनं ओढायची आणि बाटलीत भरून तपासायला पाठवायची. पेट्या परदेशातून आलेल्या. गावात त्यांना पाय फुटू नयेत म्हणून राखणदार हवा होता. कालिंदीला वेणूचे खांदे माहीत होते, शपथही माहीत होती. ती म्हणाली, "वेणूभाऊ, मारायचं नाही. नुसतं उभं राहायचं. तुमचं उभं राहणंच पुरे आहे."

गाव गंगेपलीकडे, चंदौलीच्या अंगाला. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला बाजारात भेटतात. प्रयोगाचा तुकडा दोन सख्ख्या भावांच्या शेतांमध्ये होता. वरच्या अंगाला, नहरीकडे, म्हणजे कालव्याकडे, थोरला शिवमूरत. खालच्या अंगाला धाकटा लल्लन. बापाची जमीन वाटून घेताना दोघांनी एकमेकांना इतकं झोडपलं होतं, की थोरल्याच्या भुवईवर धाकट्याची सही आणि धाकट्याच्या नडगीवर थोरल्याची. वर्षानुवर्षं बोलणं बंद. बांधावर समोरासमोर आले तर थुंकायचे, तेही आळीपाळीनं.

प्रयोगात एक कलम होतं आणि ते जर्मनीहून आलेल्या हायके नावाच्या बाईनं लिहिलं होतं. उंच, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली, कामाला वाघ. कलम असं, की पीक अर्ध्यावर आलं की तुकड्यातलं सगळं पाणी सोडून द्यायचं, जमिनीला भेगा पडेपर्यंत कोरडं ठेवायचं आणि मगच पुन्हा पाणी द्यायचं. मधल्या काळात चिखलाला हवा लागली की वायू कमी होतो का, ते पाहायचं. मध्येच थेंबभर पाणी गेलं, तर सगळा हंगाम वाया.

कागदावर फार सुंदर. पण त्या साली भादव्यात पाऊस तोंड फिरवून बसला. नहरीला पाणी बेताचं, पाळ्या लागलेल्या, पाण्यासाठी शेजारच्या गावात एकाचं डोकं फुटून झालेलं. आणि अशा वेळी वेणूनं, हायकेबाईच्या सांगण्यावरून, बांधाला फावडं घालून भरलं शेत रिकामं करायला घेतलं. पाणी उताराकडं जाणार. उताराला कोण? लल्लन. त्याच्या शेतात फुकटची गंगा उतरली.

शिवमूरत आला तो लाठी घेऊनच. मागं चार चुलतभाऊ, एक जावई. आल्या आल्या त्यानं पहिली पेटी फोडली. प्लास्टिकच्या ठिकऱ्या उडाल्याचा आवाज झाला तसा वेणू धावला. दुसरी लाठी वेणूच्या पाठीवर, तिसरी पोटरीवर. कालिंदी मध्ये पडली, तिच्या खांद्यावर एक बसली आणि ती चिखलात बसली. शिवमूरत ओरडत होता, "माझ्या डोक्यावरून आलेलं पाणी या चोराला? धाकट्यानं तुम्हाला काय खाऊ घातलं, सांगा!"

वेणूचा उजवा हात वर गेला. कालिंदी सांगते, तिनं तो हात पाहिला आणि खांदा दुखायचा थांबला, इतकी ती घाबरली. ती चिखलातून ओरडली, "वेणूभाऊ! शरदिनी!"

हात तिथंच थांबला. पण वर गेलेल्या हाताचं करायचं काय? शिवमूरतची माणसं त्या हाताकडं बघत मागं सरकलेली. आणि त्या क्षणी, आठ पिढ्या घाटावर बसलेले त्याचे पूर्वज त्याच्या तोंडातून बोलले. त्यानं तोच हात आशीर्वादासारखा पसरला आणि गर्जला, "खबरदार! या शेताचं व्रत चालू आहे. निर्जळी उपास आहे. धरणीमातेनं पाणी सोडलंय. उपास चालू असताना जो भांडेल, त्याचं पाप त्याच्या पिकाला लागेल. आणि उपास पुरा झाल्यावर ज्याच्या हातच्या पाण्यानं पारणं होईल, त्याच्या घरी सात पिढ्या धान कमी पडणार नाही!"

काशीचा ब्राह्मण, खांदे पैलवानाचे, पाठीवर ताजे वळ, तरी उलटून मारत नाही. शिवमूरतची लाठी खाली आली. जावयानं तर जोडे काढले.

मी म्हणतो, इथं थांबला असता तर आज गावात त्याचं देऊळ असतं. गाव खरंच शांत झालं. बायका संध्याकाळी येऊन बांधावर दिवा लावायला लागल्या. एकीनं भक्तीच्या भरात उदबत्ती थेट पेटीत खोचली, आणि त्या दिवसाचा नमुना हायकेबाईला फेकून द्यावा लागला. पण बाई खूश. गावकरी प्रयोगात इतका जीव ओततात, हे तिनं कुठंच पाहिलं नव्हतं. भेगा पडायला लागल्या तशी गर्दी वाढली. म्हाताऱ्या वाकून भेगांत डोकावायच्या आणि हळहळायच्या, "बिचारीचे ओठ बघा कसे फुटलेत."

आता भावांना ओढ लागली ती पारण्याची. एके दिवशी दुपारी शिवमूरतनं वेणूला घरी नेलं, लिट्टी-चोखा वाढला, वर तूप असं ओतलं की लिट्टी पोहायला लागली. "महाराज, थोरला मी. नहरीचं पाणी माझ्या बांधावरून येतं. पारणं माझ्या हातचं."

"तुमच्याच हातचं," वेणू म्हणाला.

दोन दिवसांनी लल्लननं रबडी चारली. "पंडितजी, शेतानं पाणी टाकलं ते माझ्या ओटीत. उलटं तेच मी पंपानं वर चढवणार. पारणं माझं."

"तुझंच," वेणू म्हणाला.

हे त्यानं मला स्वतः सांगितलं, पान लावता लावता, मिशीत हसत. मी म्हटलं, "अरे गाढवा, दोघांना?" तर म्हणाला, "काका, बाबांच्या गाईचं काय?" आता हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. दत्तात्रेयभटांच्या दारात एकच कपिला गाय होती आणि सकाळपासून दुपारपर्यंत घाटावर तीच गाय वीस यजमानांना गोदानाला चालायची. प्रत्येकानं शेपूट धरायचं, संकल्प सोडायचा, पुण्य घेऊन स्टेशनवर जायचं. गाय घरी. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण नागपूरचा यजमान आणि गुंटूरचा यजमान एकमेकांना जन्मात भेटणार नव्हते. यजमानाला नाही म्हणायचं नसतं, हे आठल्यांच्या घरात मुलाला बोलता येण्याआधी शिकवतात. पण वेणूच्या या दोन यजमानांमध्ये फक्त एक बांध होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. हातानं बोलणाऱ्या माणसानं एकदम तोंड वापरायला काढलं की असं होतं.

हायकेबाईनं भेगेत बोट घालून पाहिलं आणि सांगितलं, उद्या सकाळी पाणी.

सकाळी शिवमूरत आला तो वाजंत्री घेऊन. हातात तांब्याचा कलश, मागं फावडी घेतलेले चुलतभाऊ, बांध फोडून नहरीचं पाणी आत घ्यायला सज्ज. आणि खालच्या अंगानं लल्लन आला, डोक्याला पिवळं पागोटं, मागं चार मेहुणे डिझेलचा पंप ओढत आणि त्याचा लांब पाइप खांद्यावर घेऊन. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघांनी वेणूकडं पाहिलं.

वेणूनं त्या सकाळी स्वतःचेच हात पाठीमागं गमछ्यानं बांधून घेतले होते. भाऊबीज तोंडावर आलेली, त्याला धोका नको होता. तो म्हणाला, "भइया, दोघंही एकदम घाला ना."

कुणी ऐकलं असं वाटत नाही. शिवमूरत म्हणाला, "चोरानं पाणी चोरलं, आता पुण्य चोरतो." लल्लन आईवरून बोलला. आई दोघांची एकच, पण शिवी थोरल्याला लागली. त्यानं भरलेला कलश लल्लनच्या कानावर हाणला. कान फाटून लोंबला. पाणी आणि रक्त एकदमच खांद्यावर उतरलं. एका मेहुण्यानं पंप चालू करून पाइप धरला, बाकीच्यांनी लाठ्या उचलल्या. एका चुलतभावानं पाइपवर चारा तोडायचा गंडासा घातला, तो पाइप धरून बसलेल्याची दोन बोटं घेऊनच खाली गेला. तुटलेला पाइप साप झाल्यासारखा उसळत सगळ्यांवर डिझेलमिश्रित पाणी उडवायला लागला. वाजंत्रीवाल्यांपैकी एकाच्या ढोलात लाठी आरपार गेली. तो ढोलासकट पळाला. कुणाचे दात, कुणाची चप्पल, कुणाचं पागोटं, सगळं चिखलात एकत्र. हाडावर लाठी बसल्याचा आवाज कोरडा असतो, ऊस मोडल्यासारखा. कालिंदीला तो अजून झोपेत ऐकू येतो.

वेणू ओरडत होता, "थांबा! शेताला पाप लागेल!" पण व्रतवैकल्य केव्हाच संपलं होतं.

आणि मग शिवमूरतनं लल्लनला पाडलं, पाटाच्या चिखलात पालथा घातला, मानेवर गुडघा ठेवला आणि त्याचं तोंड हातानं खाली दाबून धरलं. लल्लनचे पाय झाडले जात होते. चिखलातून बुडबुडे येत होते. मग पाय हळू झाले.

कालिंदी ओरडली नाही. ती सांगते, त्या वेळी शरदिनीचं नाव घ्यायचं तिच्या जिभेवर आलं आणि तिनं ते गिळलं.

वेणूनं ते बुडबुडे पाहिले. गमछा तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. एका उडीत तो पाटात. शिवमूरतचा लल्लनच्या डोक्यावरचा हात त्यानं मनगटाशी धरला आणि आखाड्यात शिकवतात तसा पिरगळला. पहिल्यांदा मनगट वाजलं, मग कोपर. तरी थोरला गुडघा काढेना. मग वेणूनं डाव्या हाताची मूठ त्याच्या बरगडीत घातली. शिवमूरत उडून बांधावर पडला. लल्लनला केसाला धरून वर काढला, उलटा केला, पाठीत दणके घातले. चिखल ओकून तो रडायला लागला तेव्हा कुठं वेणूनं मान वर केली. तेवढ्यात मागून त्या जोडे काढणाऱ्या जावयानं फावड्याची पाठ त्याच्या डोक्यात घातली.

वेणू शेतातच आडवा झाला. त्या धुमश्चक्रीत वरचा बांध कधी फुटला होता कुणाला कळलं नाही. पाणी लाल होऊन भेगांत शिरत होतं. उपास सुटला, पण कुणाच्या हातानं सुटला, ते देवालाही सांगता येणार नाही. आणि ऐका, हायकेबाई! ढसाढसा रडत होती, पण पाणी शिरताना पाहिलं आणि तिनं एक शाबूत पेटी उचलून रोपांवर घातली, सुई टोचली, हवा ओढली. पाणी शिरतानाचा नमुना पुन्हा मिळाला नसता ना. शास्त्रज्ञांची जातच निराळी.

पोलीस आले, सगळ्यांनी सगळ्यांची नावं दिली, सगळ्यांनी सगळ्यांवर गुन्हे घातले. संध्याकाळी मी पीसीओवर गेलो.

"शरदिनी, हात उठला."

"कुणावर?"

मी सगळं सांगितलं. लिट्टी, रबडी, गाईची गोष्ट, बुडबुडे, मनगट. माझ्या पोटात काही राहत नाही.

तिनं एवढंच विचारलं, "दोघांना कबूल केलं होतं, हे त्या भावांना माहीत आहे?"

"नाही गं. थोरला समजतो धाकटा चोर, धाकटा समजतो थोरला चोर."

"मी येते. कशाला, ते विचारू नका."

इस्पितळात जागा नव्हती म्हणून तिघं एकाच वॉर्डात, एका ओळीत. मधल्या खाटेवर वेणू, डोक्याला पागोट्याएवढं बँडेज. एका बाजूला शिवमूरत, हात दंडापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरनं त्याला सांगून टाकलं होतं, की ही मूठ पुन्हा नीट वळणार नाही. दुसऱ्या बाजूला लल्लन, कान शिवलेला. दोघं वेणूच्या अंगावरून एकमेकांकडं असे बघत होते, की नजरेनंच त्याचं बँडेज सुटावं.

शरदिनी स्टेशनवरून तशीच आलेली. मी तिच्यामागं. ती त्याच्या पायथ्याशी उभी राहिली.

"शरू," वेणू म्हणाला, "हात उठला गं."

"समजलं."

"तो मरत होता."

"तेही समजलं. उठवला नसतात, तर मी तोंड पाहिलं नसतं." तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "हाताचं मी बोलतच नाहीये. ह्यांना सांगा."

"काय सांगू?"

"पारणं कुणाला कबूल केलं होतं ते."

वेणूचा चेहरा बँडेजच्या रंगाचा झाला. "अगं, हे दोघं मला इथंच खातील."

"खाऊ देत. तुमच्या एका जिभेपायी कुणाची बोटं गेली, ह्यांची मूठ गेली. सांगा. आणि सांगताना हात खाली ठेवायचे. ते जमलं तर मी राहीन. नाही जमलं, तर संध्याकाळची गाडी आहे."

दोघं भाऊ मराठी कळत नसल्यानं नुसतेच आळीपाळीनं बघत होते. वेणू उठून बसला. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. मग त्यानं त्यांच्या बोलीत, मान खाली घालून सांगितलं. लिट्टी खाल्ली तेव्हा थोरल्याला हो म्हटलं. रबडी खाल्ली तेव्हा धाकट्याला हो म्हटलं. चोर दोघांतला कुणीच नव्हता.

दोघं भाऊ आपापल्या खाटेवर उठून बसले.

"दोनो को?" शिवमूरतनं विचारलं.

"दोनो को."

लल्लननं चांगला कान पुढं केला. "फिर से बोल."

वेणू पुन्हा बोलला.

पहिला उठला थोरला. प्लास्टरचा हात त्यानं मुसळासारखा वर उचलला आणि वेणूच्या खांद्यावर आणला. लल्लननं सलाईनचा लोखंडी दांडा ओढला, बाटली फुटली, आणि तो दांडा आडवा वेणूच्या पाठीत. पुन्हा प्लास्टर, पुन्हा दांडा. दोघांना एकमेकांची लय सापडली, लोहाराच्या ऐरणीवर दोन घण पडतात तशी. वेणूचा ओठ फुटला, बँडेज लाल झालं. सिस्टर किंचाळत बाहेर पळाली. शेजारचे रोगी खाटेवर उभे राहून बघायला लागले. वेणूच्या दंडातले स्नायू असे उसळत होते, की खाट हलत होती. पण मांडीखालून हात बाहेर आले नाहीत. मी पुढं झालो, तर शरदिनीनं मला बाहीला धरून मागं ओढलं. तिची स्वतःची नखं तळहातात रुतली होती, ते मला नंतर दिसलं.

शेवटी लल्लन धापा टाकत वाकला. थोरल्यानं दांडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "बइठ जा. टाँका टूटी." बस खाली, टाके तुटतील. वाटणीनंतर धाकट्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य, शिवी नसलेलं. लल्लन वेणूच्याच खाटेच्या कडेवर बसला आणि शिवलेला कान धरून रडला.

शरदिनी पुढं झाली. पदरानं तिनं वेणूचं तोंड पुसलं, हात मांडीखालून ओढून काढले. दोन्ही हात दाबून दाबून पांढरे पडले होते, बोटं वळेनात.

"काका," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "इंदूरला फोन करा. दादाला म्हणावं, माझी ट्रंक रेल्वेनं पाठवून दे. स्वतः घेऊन येऊ नकोस."